शासकीय हमी आणि राजकीय अस्थैर्य : दाभोळ वीज प्रकल्पाच्या वित्तपुरवठ्याचा अन्वयार्थ

सारांश

मोठ्या पायाभूत प्रकल्पासाठी खाजगी व परकीय भांडवल उभारताना शासनाने दिलेली हमी हे धनकोंच्या दृष्टीने महत्त्वाचे संरक्षण असते. परंतु राजकीय परिस्थिती अस्थिर असेल, तर त्या हमीचे प्रत्यक्ष मूल्य किती राहते आणि तिचा भार अखेरीस कोणावर पडतो, हे प्रश्न निर्माण होतात. प्रस्तुत लेखात रत्नागिरी जिल्ह्यातील दाभोळ वीज प्रकल्पाच्या आधारे या प्रश्नांचे विवेचन केले आहे. हमीमुळे प्रकल्पातील जोखीम नाहीशी होत नाही. ती खाजगी भांडवलाकडून सार्वजनिक तिजोरीकडे सरकते, आणि या सरकण्यावर खुली चर्चा झालेली नसेल, तर हमी स्वतःच राजकीय असंतोषाचे कारण ठरते, असे या विवेचनातून दिसून येते.

बीजशब्द : शासकीय हमी, प्रतिहमी, आकस्मिक दायित्व, वीज खरेदी करार, राजकीय जोखीम.

१. प्रस्तावना

धरण, रेल्वेमार्ग, बंदर किंवा वीजनिर्मिती केंद्र यांसारख्या प्रकल्पांत सुरुवातीला प्रचंड भांडवल गुंतवावे लागते आणि त्याचा परतावा वीस-पंचवीस वर्षांत हप्त्याहप्त्याने मिळतो. या दीर्घ काळात निवडणुका होतात, सरकारे बदलतात, चलनाचे मूल्य खाली-वर होते आणि लोकमतही पालटते. कारखान्यातील यंत्रसामग्री अन्यत्र हलवता येते. जमिनीत रोवलेले वीज केंद्र हलवता येत नाही. म्हणूनच असा प्रकल्प एकदा उभा राहिला की गुंतवणूकदाराची सौदाशक्ती घटते आणि शासनाची वाढते. गुंतवणूकदाराला वाटणारी ही भीती दूर करण्यासाठी शासकीय हमीचे साधन वापरले जाते.

महाराष्ट्राच्या दृष्टीने या साधनाची सर्वांत मोठी कसोटी दाभोळ प्रकल्पाच्या निमित्ताने लागली. एन्रॉन या अमेरिकन कंपनीच्या नावाने तो लोकांच्या स्मरणात राहिला. त्यावरील चर्चा बहुधा विजेचा दर, भ्रष्टाचाराचे आरोप आणि पक्षीय राजकारण यांभोवती फिरली. हमीच्या यंत्रणेकडे मात्र त्या मानाने कमी लक्ष गेले. वस्तुतः प्रकल्पाची उभारणी, त्याचे पुनरुज्जीवन आणि त्याचे पतन या तिन्ही टप्प्यांवर हमीची भूमिका निर्णायक होती.

२. हमीची संकल्पना व घटनात्मक आधार

हमीच्या व्यवहारात तीन पक्ष असतात. मूळ ऋणको, धनको आणि जामीनदार. ऋणकोने देणे चुकवले तर ते जामीनदाराने भागवावे, असा हा करार असतो. शासन जामीनदार होते तेव्हा त्याच्या मागे राज्याचा संचित निधी, म्हणजेच करदात्यांचा पैसा उभा असतो. तथापि हमी देतेवेळी तिजोरीतून एक रुपयाही बाहेर पडत नाही. त्यामुळे ती अर्थसंकल्पातील खर्चात दिसत नाही व वित्तीय तुटीतही मोजली जात नाही. अशा देण्याला सार्वजनिक आयव्ययाच्या परिभाषेत आकस्मिक दायित्व म्हटले जाते. घटना घडली तरच देणे, न घडल्यास काही नाही, असे त्याचे स्वरूप असते.

भारतीय राज्यघटनेच्या अनुच्छेद २९२ अन्वये केंद्र शासनास आणि अनुच्छेद २९३ अन्वये राज्य शासनास आपापल्या संचित निधीच्या तारणावर कर्ज घेण्याचा व हमी देण्याचा अधिकार आहे. संसदेने किंवा राज्य विधानमंडळाने कायद्याने मर्यादा घातली असल्यास त्या मर्यादेतच हा अधिकार वापरता येतो. मर्यादा घातलेलीच नसेल, तर हमी देण्याचा निर्णय कार्यकारी मंडळाच्या पातळीवर होऊ शकतो. करासाठी कायदा लागतो, खर्चासाठी सभागृहाची मंजुरी लागते; हमीच्या बाबतीत मात्र ही लोकशाही चाळणी पातळ आहे. पुढील सर्व विवेचनाचा हा पाया होय.

हमीची ही पद्धत भारताला नवी नव्हती. १७ ऑगस्ट १८४९ रोजी ईस्ट इंडिया कंपनीने ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे व ईस्ट इंडियन रेल्वे यांच्याशी करार करून त्यांच्या भागभांडवलावर पाच टक्के परताव्याची हमी दिली होती. १६ एप्रिल १८५३ रोजी मुंबई-ठाणे मार्गावर धावलेली गाडी ही या हमीचेच फलित होते. उत्पन्न कमी पडल्यास तूट हिंदुस्थानच्या महसुलातून भरून निघणार असल्याने खर्चावर काटकसरीचा अंकुश उरला नाही, अशी टीका एकोणिसाव्या शतकातच झाली. दादाभाई नौरोजींसारख्या विचारवंतांनी मांडलेल्या संपत्तीच्या अपहाराच्या सिद्धान्तात रेल्वे भांडवलावरील परताव्याचा मुद्दा अंतर्भूत होता. परतावा निश्चित झाला की खर्चाची काळजी करण्याचे कारण उरत नाही, हा हमीचा दोष इतका जुना आहे.

३. अस्थैर्याच्या काळातील करार

१९९१ मध्ये परकीय चलनाचा साठा आटला होता, सोने गहाण ठेवण्याची वेळ आली होती आणि केंद्रात पी. व्ही. नरसिंह राव यांचे अल्पमतातील सरकार होते. त्याच वर्षी वीजनिर्मितीचे क्षेत्र खाजगी व परकीय गुंतवणुकीसाठी खुले करण्यात आले. राज्य विद्युत मंडळांची आर्थिक स्थिती खालावलेली असल्याने त्यांच्या एकट्याच्या स्वाक्षरीवर कोणतीही परदेशी बँक कर्ज देण्यास तयार नव्हती. २० जून १९९२ रोजी महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाने एन्रॉन व जनरल इलेक्ट्रिक या कंपन्यांशी सामंजस्य करार केला. त्यासाठी स्पर्धात्मक निविदा मागविण्यात आल्या नव्हत्या. गुहागर तालुक्यातील अंजनवेल-वेलदूर परिसरात सुमारे दोन हजार मेगावॅट क्षमतेचे केंद्र उभारावे, अशी योजना होती.

यानंतरचे महिने राजकीयदृष्ट्या अत्यंत अशांत होते. डिसेंबर १९९२ व जानेवारी १९९३ मध्ये मुंबईत दंगली झाल्या, १२ मार्च १९९३ रोजी बॉम्बस्फोट झाले आणि त्याच महिन्यात सुधाकरराव नाईक यांच्या जागी शरद पवार मुख्यमंत्री झाले. अशा परिस्थितीत परकीय गुंतवणूक येत आहे, हे दाखविण्याची राजकीय गरज तीव्र होती. एप्रिल १९९३ मध्ये जागतिक बँकेने मात्र या प्रकल्पास अर्थसाहाय्य देण्यास नकार दिला. राज्याच्या मागणीच्या तुलनेत प्रकल्प फार मोठा आहे आणि द्रवरूप नैसर्गिक वायूवरील महाग वीज कोळशावरील स्वस्त विजेला बाजूला सारील, असा बँकेच्या अभिप्रायाचा रोख होता.

येथे एक मूलभूत बाब लक्षात घेण्यासारखी आहे. जागतिक बँकेसारखी अनुभवी संस्था प्रकल्पाच्या व्यवहार्यतेविषयी शंका व्यक्त करीत असताना अन्य धनको त्याला कर्ज देण्यास तयार झाले. त्यांच्यापुढे केवळ प्रकल्पाचे गुणदोष नव्हते. जामीनदाराची पतही होती. हमीमुळे प्रकल्प फायदेशीर ठरेल का, या प्रश्नाची जागा देणे कोण भागवील, या प्रश्नाने घेतली.

४. हमीची उतरंड

८ डिसेंबर १९९३ रोजी वीज खरेदी करारावर स्वाक्षऱ्या झाल्या. त्यातील दर दोन भागांचा होता. इंधनाचा खर्च वापरलेल्या विजेच्या प्रमाणात द्यावयाचा होता, तर भांडवली आकार मंडळाने वीज उचलली नाही तरी केंद्र सज्ज असल्याबद्दल द्यावयाचा होता. देण्याचा मोठा भाग अमेरिकन डॉलरशी निगडित होता. म्हणजे मागणीची जोखीम, इंधनाच्या किमतीची जोखीम आणि चलनाची जोखीम या तिन्ही मंडळाच्या माथी आल्या.

एका साध्या उदाहरणाने हे स्पष्ट होईल. समजा, एखाद्या केंद्राचा वार्षिक स्थिर आकार ९० कोटी रुपये आहे. मंडळाने ९० कोटी युनिट वीज उचलली तर प्रत्येक युनिटवर एक रुपया स्थिर आकार पडतो. मागणी नसल्याने ३० कोटी युनिटच उचलली, तर तोच आकार तीन रुपये होतो. वीज महाग म्हणून कमी घ्यावी आणि कमी घेतली म्हणून ती आणखी महाग व्हावी, असे हे दुष्टचक्र आहे.

हे देणे सुरक्षित करण्यासाठी संरक्षणाचे थर एकावर एक रचण्यात आले. पहिला थर म्हणजे मंडळाने उघडावयाचे पतपत्र. दुसरा, मंडळाच्या ग्राहकांकडून येणारी वसुली थेट विशिष्ट खात्यात जमा करण्याची एस्क्रो व्यवस्था. तिसरा थर महाराष्ट्र शासनाची हमी. ती फेब्रुवारी १९९४ मध्ये देण्यात आली. चौथा थर केंद्र शासनाची प्रतिहमी. ती सप्टेंबर १९९४ मध्ये देण्यात आली. मंडळाने चुकवले तर राज्याने द्यावे, राज्याने चुकवले तर केंद्राने द्यावे आणि केंद्राने ती रक्कम राज्याला देय असलेल्या निधीतून वळती करून घ्यावी, असा हा क्रम होता. वादाची सोडवणूक लंडन येथील लवादामार्फत व्हावयाची होती. या प्रतिहमीचा लाभ केवळ पहिल्या टप्प्यापुरता मर्यादित होता. केंद्राच्या तथाकथित जलदगती योजनेतील आठ खाजगी वीज प्रकल्पांत दाभोळ अग्रभागी होता.

पहिल्या टप्प्याचा खर्च सुमारे ९२ कोटी डॉलर होता. अमेरिकेची निर्यात-आयात बँक, त्याच देशाचे परदेशी खाजगी गुंतवणूक महामंडळ, बँक ऑफ अमेरिका व एबीएन ॲम्रो यांच्या पुढाकाराने उभे राहिलेले कर्ज आणि भारतीय औद्योगिक विकास बँकेच्या नेतृत्वाखालील देशी संस्थांचा सहभाग यांतून तो भागविण्यात आला. भागभांडवलात एन्रॉनचा वाटा ८० टक्के, तर जनरल इलेक्ट्रिक व बेक्टेल यांचा प्रत्येकी १० टक्के होता. या रचनेत एक पक्ष मात्र कोठेच नव्हता. वीजबिल भरणारा ग्राहक आणि ज्यांच्या जमिनी व समुद्रकिनारा प्रकल्पाखाली जाणार होता ते ग्रामस्थ यांपैकी कोणीही या करारांचे पक्षकार नव्हते. अंतिम भार मात्र त्यांच्यावरच येणार होता.

५. सत्तांतर आणि हमीचा विरोधाभास

फेब्रुवारी-मार्च १९९५ मधील विधानसभा निवडणुकीत हा प्रकल्प प्रचाराचा प्रमुख विषय झाला. एन्रॉन अरबी समुद्रात बुडविण्याची घोषणा गाजली. मार्च १९९५ मध्ये शिवसेना-भारतीय जनता पक्ष युतीचे सरकार आले. मनोहर जोशी मुख्यमंत्री व गोपीनाथ मुंडे उपमुख्यमंत्री झाले. मुंडे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने निविदांचा अभाव, वाढीव भांडवली खर्च आणि महाग दर यांवर बोट ठेवले. ३ ऑगस्ट १९९५ रोजी सरकारने पहिला टप्पा रद्द करण्याचा व दुसरा सोडून देण्याचा निर्णय जाहीर केला. सप्टेंबरमध्ये शासनाने करार फसवणुकीने झाल्याचा आरोप करीत मुंबई उच्च न्यायालयात दावाही दाखल केला.

कंपनीने लंडन येथे लवादाची कारवाई सुरू केली. करार मोडल्यास द्यावी लागणारी भरपाई, बांधकामावर झालेला खर्च आणि परकीय गुंतवणूकदारांत होणारी अपकीर्ती हे तिन्ही दबाव एकाच वेळी आले. १ नोव्हेंबर १९९५ रोजी एन्रॉनच्या अधिकारी रिबेका मार्क यांनी बाळासाहेब ठाकरे यांची भेट घेतली. त्यानंतर फेरवाटाघाटी समिती नेमली गेली व जानेवारी १९९६ मध्ये मंत्रिमंडळाने सुधारित अटी स्वीकारल्या. नव्या अटींनुसार पहिला टप्पा ७४० आणि दुसरा १४४४ मेगावॅटचा झाला. एकूण क्षमता २१८४ मेगावॅट झाली. पहिल्या करारात दुसरा टप्पा ऐच्छिक होता. आता दोन्ही टप्प्यांची बांधिलकी आली. दर प्रतियुनिट दोन रुपयांहून कमी राहील, असे सांगण्यात आले.

सुधारित करारासाठी केंद्राची प्रतिहमी पुन्हा लागणार होती. मे १९९६ मध्ये अटलबिहारी वाजपेयी यांचे सरकार तेरा दिवस सत्तेवर होते. २७ मे १९९६ रोजी, म्हणजे लोकसभेत विश्वासदर्शक ठरावावर चर्चा चालू असताना, त्या सरकारच्या मंत्रिमंडळाने प्रतिहमीस मान्यता दिली. दुसऱ्या दिवशी सरकारने राजीनामा दिला.

हा घटनाक्रम हमीच्या स्वरूपावर लख्ख प्रकाश टाकतो. हमी ही राजकीय बदलापासून संरक्षण म्हणून दिलेली होती आणि त्या अर्थाने ती परिणामकारकही ठरली. विरोधाच्या आधारे निवडून आलेले सरकार काही महिन्यांतच अधिक मोठ्या प्रकल्पास बांधील झाले. परंतु याच कारणाने मतदाराचा कौल आणि शासनाची कृती यांत अंतर पडले. करारातून बाहेर पडण्याची किंमत इतकी वाढली होती की निवडणुकीतील निर्णयाला फारसा अर्थ उरला नाही. सभागृहातील बहुमत सिद्ध न झालेल्या मंत्रिमंडळालाही दोन दशकांचे दायित्व स्वीकारता येते, ही वस्तुस्थितीदेखील याच प्रसंगातून समोर आली.

६. हमीच्या कक्षेबाहेरची जोखीम

प्रकल्पाविरुद्ध जनहित याचिका दाखल झाल्या. त्यातील एक सेंटर ऑफ इंडियन ट्रेड युनियन्स व अभय मेहता यांची होती. ज्या शासनाने वर्षभरापूर्वी करारात फसवणूक झाल्याचा दावा केला होता, तेच शासन आता कराराच्या समर्थनार्थ न्यायालयात उभे होते. डिसेंबर १९९६ मध्ये उच्च न्यायालयाने याचिका फेटाळली आणि बांधकाम पुन्हा सुरू झाले.

न्यायालयीन मार्ग खुंटल्यावर गुहागर तालुक्यातील आंदोलन तीव्र झाले. भूसंपादन, गोड्या पाण्याचा वापर, गरम पाणी समुद्रात सोडल्याने मासेमारीवर होणारा परिणाम आणि आंबा-काजूच्या बागांची चिंता ही ग्रामस्थांची प्रमुख गाऱ्हाणी होती. मेधा पाटकर, मृणाल गोरे यांच्यासारखे कार्यकर्ते या संघर्षात सहभागी झाले. परिसरात जमावबंदीचे आदेश लागू करण्यात आले, मोठ्या प्रमाणावर अटका झाल्या. ३ जून १९९७ रोजी पहाटे वेलदूर या मच्छीमारांच्या गावात पोलिसांनी केलेल्या कारवाईत स्त्रियांनाही अटक झाली. या घटनांची दखल ॲम्नेस्टी इंटरनॅशनलने १९९७ मध्ये व ह्यूमन राइट्स वॉचने १९९९ मध्ये आपल्या अहवालांत घेतली.

आर्थिक विश्लेषणात अशा आंदोलनाची नोंद स्थानिक अडथळा एवढीच होते. परंतु हमीशी त्याचा सरळ संबंध आहे. ज्या शासनाकडे ग्रामस्थांनी दाद मागावयाची, तेच शासन प्रकल्पाचे जामीनदार होते. विलंब झाला तर दायित्व त्याचे, करार मोडला तर भरपाई त्याची. त्यामुळे कायदा व सुव्यवस्था राखणारी यंत्रणा आणि प्रकल्प वेळेवर पूर्ण व्हावा अशी इच्छा असणारा पक्ष एकच झाला. हमी देणारे शासन तटस्थ राहू शकत नाही, हा तिचा एक अलिखित परिणाम होय.

७. हमी वटविण्याचा प्रसंग

मे १९९९ मध्ये पहिला टप्पा कार्यान्वित झाला. त्याच सुमारास दुसऱ्या टप्प्याचे वित्तही उभे राहिले. या टप्प्यासाठी केंद्राची प्रतिहमी नव्हती. त्याऐवजी भारतीय वित्तसंस्थांनी परकीय कर्जांच्या काही भागासाठी हमी दिली. प्रतिहमी टळल्याचे समाधान त्यामुळे वरवरचे ठरले. त्या संस्थांत सार्वजनिक भांडवलाचा मोठा वाटा असल्याने जोखीम मागील दाराने पुन्हा सार्वजनिक क्षेत्रातच आली.

दरम्यान परिस्थिती पालटली होती. नाफ्त्याची किंमत वाढली, डॉलरचा भाव १९९३ मधील सुमारे ३१ रुपयांवरून २००१ च्या आरंभी ४६ रुपयांच्या पुढे गेला आणि मागणी अपेक्षेप्रमाणे वाढली नाही. २००० सालच्या दरनिश्चितीच्या वेळी मंडळाची पारेषण व वितरणातील गळती सुमारे तीस टक्के असल्याचे उघड झाले. मंडळाने महाग वीज कमी उचलण्यास सुरुवात केली. त्यामुळे वर वर्णिलेले दुष्टचक्र प्रत्यक्षात आले व २००० साली काही महिन्यांत दाभोळच्या विजेचा दर प्रतियुनिट सुमारे सात रुपयांपर्यंत गेला.

मंडळाची देयके थकू लागली. नोव्हेंबर २००० च्या सुमारे ७९ कोटी रुपयांच्या देयकासाठी कंपनीने फेब्रुवारी २००१ मध्ये केंद्राची प्रतिहमी वटविण्याची मागणी केली. दुसरीकडे, २८ जानेवारी २००१ रोजी मागणी करूनही केंद्राने ठरलेल्या वेळेत पूर्ण क्षमता गाठली नाही, म्हणून मंडळाने कंपनीवर ४०१ कोटी रुपयांचा दंड आकारला आणि तो थकबाकीतून वळता करावा, अशी भूमिका घेतली. कंपनीने एप्रिलमध्ये करारातील राजकीय आपत्तीच्या कलमाचा आधार घेतला. राज्य शासनाने नेमलेल्या माधव गोडबोले समितीने एप्रिल २००१ मध्ये दिलेल्या अहवालात प्रकल्पाच्या मंजुरीप्रक्रियेवर कठोर टीका केली व फेरवाटाघाटींची शिफारस केली. १९ मे रोजी कंपनीने करार संपुष्टात आणण्याची प्राथमिक नोटीस दिली. २३ मे रोजी मंडळाने करार रद्दबातल ठरविला आणि २९ मे २००१ रोजी वीजनिर्मिती थांबली. दुसऱ्या टप्प्याचे काम तेव्हा बहुतांशी पूर्ण होत आले होते. २ डिसेंबर २००१ रोजी एन्रॉनने अमेरिकेत दिवाळखोरीसाठी अर्ज केला.

चार थरांचे संरक्षण असूनही धनकोंना वेळेवर पैसे मिळाले नाहीत. याचे कारण हमीच्या कायदेशीर स्वरूपात दडलेले आहे. हमी मूळ देण्यावर अवलंबून असते. मूळ देणेच वादग्रस्त ठरविले की हमीही वादात सापडते. शिवाय येथे ऋणको मंडळ, त्याचे मालक राज्य शासन, आणि जामीनदारही राज्य शासनच होते. एकाच हाताने देणे नाकारावे व दुसऱ्या हाताने त्याची जबाबदारी घ्यावी, अशी अपेक्षा लोकक्षोभाच्या काळात वास्तवात उतरत नाही.

८. भार अखेर कोणावर?

वाद मात्र येथे संपला नाही. अमेरिकन महामंडळाने उतरविलेल्या राजकीय जोखमीच्या विम्याचे दावे झाले आणि २००३ मध्ये लवादाच्या निर्णयानंतर बेक्टेल व जनरल इलेक्ट्रिक यांना भरपाई मिळाली. ते दावे चुकते करणाऱ्या महामंडळामार्फत अमेरिकी शासनाने १९९७ च्या द्विपक्षीय करारानुसार भारत सरकारकडे तगादा लावला. विदेशी बँकांनी द्विपक्षीय गुंतवणूक संरक्षण करारांखाली स्वतंत्र दावे केले. एका अर्थाने केंद्राची प्रतिहमी जेथे अडली, तेथे आंतरराष्ट्रीय करारांच्या रूपाने दुसरी, न लिहिलेली हमी पुढे आली. २००५ मध्ये तडजोडी होऊन परकीय भागधारक व धनको बाहेर पडले. त्याच वर्षी राष्ट्रीय औष्णिक विद्युत महामंडळ, गेल, राज्याची वीज कंपनी व वित्तसंस्था यांच्या सहभागाने रत्नागिरी गॅस अँड पॉवर ही कंपनी स्थापन झाली. २००६ मध्ये केंद्र अंशतः पुन्हा सुरू झाले, तरी देशांतर्गत वायूच्या टंचाईमुळे पुढील दशकात ते बराच काळ अडखळत राहिले. २०१५ मध्ये रेल्वेला वीजपुरवठा सुरू झाल्यावर त्याला मर्यादित आधार मिळाला.

खाजगी भांडवल आणून शासनावरील भार हलका करावा, या हेतूने सुरू झालेला प्रकल्प शेवटी सार्वजनिक कंपन्यांच्या ताळेबंदात येऊन स्थिरावला. हमीने जोखीम पुढे ढकलली होती. ती पुसली गेली नव्हती.

९. धोरणात्मक बोध

दाभोळनंतर हमीविषयीच्या धोरणात काही सुधारणा झाल्या, हे नमूद केले पाहिजे. प्रकल्पनिहाय प्रतिहमी देण्याचा मार्ग केंद्राने सोडून दिला. वित्तीय उत्तरदायित्व व अर्थसंकल्पीय व्यवस्थापन कायदा २००३ मध्ये संमत झाला व २००४ च्या नियमांनुसार केंद्राने एका वर्षात द्यावयाच्या हमींवर स्थूल देशांतर्गत उत्पादनाच्या अर्धा टक्का इतकी मर्यादा आली. विद्युत अधिनियम २००३ ने स्पर्धात्मक निविदांद्वारे दर ठरविण्याची तरतूद केली. जानेवारी २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या रिझर्व्ह बँकेच्या कार्यगटाच्या अहवालात राज्यांनी एका वर्षात द्यावयाच्या नव्या हमी महसुली जमेच्या ५ टक्के किंवा राज्य उत्पादनाच्या ०.५ टक्के, यांपैकी जी रक्कम कमी असेल तिच्या मर्यादेत ठेवाव्यात, अशी शिफारस आहे.

या मर्यादा संख्यात्मक आहेत. दाभोळचा अनुभव पुढील गुणात्मक बाबींकडेही लक्ष वेधतो.

(अ) हमी देण्यापूर्वी प्रकल्पाचे स्वतंत्र मूल्यमापन व्हावे आणि ते सभागृहापुढे ठेवले जावे. प्रतिकूल अभिप्राय आल्यास हमी का दिली जात आहे, याचे लेखी कारण नोंदविले जावे.

(आ) हमी पूर्ण नसावी. धनकोंनी जोखमीचा काही वाटा स्वतः उचलला, तरच ते प्रकल्पाच्या व्यवहार्यतेची खरी तपासणी करतील.

(इ) शासनाच्या नियंत्रणातील जोखीम आणि बाजारातील जोखीम यांत भेद करावा. कायद्यातील अचानक बदलाची हमी शासनाने देणे योग्य ठरू शकते. मागणी, इंधन व विनिमय दर यांची संपूर्ण हमी देणे म्हणजे व्यवसाय खाजगी आणि तोटा सार्वजनिक, अशी व्यवस्था करणे होय.

(ई) काळजीवाहू अथवा विश्वासमत न मिळवलेल्या सरकारने दीर्घकालीन हमी देऊ नये, असा संकेत कायद्याच्या पातळीवर यावा.

(उ) स्थानिक जनतेची संमती व पुनर्वसन ही हमीची पूर्वअट असावी. गुहागरने दाखवून दिल्याप्रमाणे ज्यांना करारात स्थान नसते, त्यांचा असंतोष करारातील कोणत्याही कलमाने आवरता येत नाही.

१०. समारोप

राजकीय अस्थैर्य असते म्हणून गुंतवणूकदार हमी मागतो आणि शासन ती देते. परंतु ज्या अस्थैर्याच्या भीतीने हमी दिली जाते, त्याच काळात तिच्यावर शांतपणे व खुलेपणाने चर्चा होण्याची शक्यता सर्वांत कमी असते. घाईने व बंद दाराआड दिलेली हमी पुढील सरकारला जाचते, मतदाराला फसवणुकीसारखी भासते आणि तिच्याविरुद्धचा रोष नव्या अस्थैर्याला जन्म देतो. दाभोळच्या बाबतीत हे वर्तुळ १९९२ ते २००१ या नऊ वर्षांत पूर्ण झाले.

याचा अर्थ पायाभूत प्रकल्पांना शासनाने कधीच हमी देऊ नये, असा नाही. वीज, पाणी व वाहतूक यांच्या उभारणीत शासनाची पत ही मोलाची सामाजिक संपत्ती आहे. ती वापरताना मालकाला, म्हणजे नागरिकाला, विश्वासात घेणे आवश्यक आहे. हमीपत्रावर स्वाक्षरी सचिवाची असली, तरी त्याखालील देणे पुढच्या पिढीच्या करदात्याचे असते.